चौथी पाळी

आमच्या एमआयडीसीत पाळ्या तीन. फस्ट, सेकंड आणि नाईट. चौथी बापूंनी काढली. ती बुधवारी रात्री पावणेदोनला पेन्सिल चौकात भरते. तिला ओव्हरटाइम नाही, कॅन्टीन नाही, पंचिंग नाही. पगार तर नाहीच, उलट डिझेलची वर्गणी आपणच द्यायची. मंदीच्या दिवसांत बाकीच्या तीन पाळ्यांतली एखादी कधी अर्ध्या माणसांवर आली, कधी बंदही पडली. चौथी कधी पडली नाही. गुरुवारी आम्हाला सुट्टी असते आणि सूर्याला नसते, एवढ्या भांडवलावर बापूंचा कारखाना चालतो.

काम एवढंच की रात्री निघायचं, उजाडायच्या आत कुठल्यातरी डोंगरावर पोचायचं, आणि पावसाळा असेल तर धबधब्याचा, नसेल तर उगवत्या सूर्याचा फोटो काढायचा. काढायचा म्हणजे बापूंनी. आम्ही छत्री धरायची.

मस्टरवर बापूंचं पूर्ण नाव असेलच. बारामतीकडं बापू, आप्पा, नाना, तात्या ह्या पदव्या वयावर मिळत नाहीत, बोलण्यातल्या खात्रीवर मिळतात, आणि हवामानाविषयी बोलताना बापूंना कमालीची खात्री असते. ‘उद्या साडेपाचनंतर पूर्वेला फट पडणार,’ हे ते अशा सुरात सांगतात की जणू पूर्व दिशा त्यांच्या हाताखाली हेल्पर आहे. फट पडत नाही. ‘पडली होती,’ बापू म्हणतात, ‘आपण यायच्या आधी.’ मग पुढच्या खेपेला निघायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडं येते. सुरुवातीला आम्ही पहाटे चारला निघायचो. आता पावणेदोन. हा हिशेब असाच चालला तर गुरुवारचा सूर्योदय गाठायला बुधवारची सेकंड शिफ्ट अर्धी टाकून पळावं लागेल.

बापू ईटीपीवर आहेत. ईटीपी म्हणजे कारखान्याचं सांडपाणी साफ करायचा प्लांट. तो नेहमी कंपाउंडच्या शेवटच्या कोपऱ्यात असतो, वाऱ्याची दिशा बघून बांधलेला असतो, आणि ज्याची तिथं नेमणूक होते त्याच्याविषयी इतर खात्यांत एक हळहळ असते. मी मेंटेनन्सला. बापूंचा पंप बसला की मला तिकडं जावं लागतं, आमची ओळख तिथली. तिथं एक मोठी गोल टाकी आहे. गाळ खाली बसतो, निवळलेलं पाणी वर येतं, आणि टाकीच्या कडेला करवतीसारखे दाते कापलेली पट्टी बसवलेली असते, तिच्या प्रत्येक दात्यामधून बारीक बारीक धार होऊन बाहेरच्या पन्हाळीत पडत राहतं. बापूंचा पहिला धबधबा हा. उंची एक वीत. दिवसाचे आठ तास समोर तेवढंच असलं तर माणूस एक तर बुवाच्या नादी लागतो, नाहीतर कॅमेऱ्याच्या. बापूंनी एका मावळत्या फोटो स्टुडिओवाल्याकडून जुना कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो त्या पट्टीचा काढला. अजून त्यांच्या मोबाइलवर आहे. कुठला धबधबा ते न सांगता दाखवतात. बघणारा ‘नायगारा का?’ म्हणाला की बापू नुसते हसतात.

ईटीपीची दुसरी देणगी म्हणजे लॉगबुक. दर दोन तासांनी पाण्याचा पीएच बघायचा, रकान्यात भरायचा, खाली सही. हीच शिस्त बापूंनी डोंगराला लावली. त्यांच्या पिशवीत एक लांबट वही असते. तिचे रकाने असे: तारीख, ठिकाण, सूर्य, धबधबा, शेरा. सूर्य आणि धबधबा ह्यांच्याखाली ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच लिहायचं, वर्णन करायची सोय नाही. मी ती वही एकदा चाळली. ‘ठोसेघर. सूर्य: नाही. धबधबा: आहे. शेरा: आवाजावरून.’ दुसऱ्या पानावर, ‘मल्हारगड. सूर्य: आहे. धबधबा: नाही. शेरा: फेब्रुवारी.’ एका ओळीत दोन्हीकडं ‘नाही’ होतं आणि शेऱ्यात लिहिलं होतं, ‘चहा चांगला.’

खरं दुखणं ह्या दोन रकान्यांत आहे. आपल्याकडं ज्या दिवसांत धबधबा असतो त्या दिवसांत सूर्य नसतो, आणि ज्या दिवसांत सूर्य असतो त्या दिवसांत धबधब्याच्या जागी काळा डाग असलेला कातळ असतो. जुलैत सह्याद्रीच्या माथ्यावर हाताला हात दिसत नाही. डिसेंबरात सूर्य असा लख्ख येतो की बघत राहावं, पण पाणी प्यायला आपली बाटली. बापूंना एकाच फोटोत दोन्ही पाहिजेत. वरून पाणी पडतंय आणि त्याच्यावर पहिलं ऊन आलंय. हे जमायला सप्टेंबर सरताना कुठंतरी पाचसहा सकाळी मिळतात, त्यातल्या गुरुवारी किती येणार? शिवाय सह्याद्रीचे नाव घेण्यासारखे कडे कोकणाकडं, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभे. तिथं सकाळचं ऊन पोचेपर्यंत दुपारच्या जेवणाची वेळ होते. ‘कड्यानं तोंड फिरवलंय,’ बापू म्हणतात, एखाद्या रुसलेल्या पाहुण्याविषयी बोलावं तसं.

त्यात माणूस बारामतीचा. इथं उभ्यानं फिरून चारी बाजूंना बघितलं तर सगळ्यात उंच दिसते ती साखर कारखान्याची चिमणी नाहीतर पाण्याची टाकी. आमच्याकडं सूर्य डोंगराआडून येत नाही, उसातून येतो. पावसाचं म्हणाल तर महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि आमच्याकडं पाचशेच्या आतबाहेर. ढग घाटमाथ्यावर सगळं वाढून मोकळे होतात, आमच्यापर्यंत पोचतो तो त्यांचा रिकामा डबा. वर काळंभोर आभाळ, खाली धुरळा, असा आमचा पावसाळा असतो. अशा तालुक्यातल्या माणसानं धबधब्याचा नाद लावून घ्यायचा म्हणजे राजस्थानातल्या माणसानं कोळ्याचा धंदा काढण्यासारखं आहे. जवळचे डोंगर बापूंचे करून झाले. पुरंदरवर लष्कर आहे, ओळखपत्र दाखवून आत सोडतात, पण तोपर्यंत सूर्य केव्हाचा कामावर रुजू झालेला असतो. शिखर शिंगणापूरला सूर्य छान दिसला, पण बापू आधी कॅमेरा काढावा की आधी शंभूमहादेवाचं दर्शन घ्यावं ह्या विचारात पडले, आणि दर्शन घेऊन येईपर्यंत ऊन झालं. नव्या वर्षाचा पहिला सूर्योदय म्हणून एकदा थेट कळसूबाईला नेलं. १,६४६ मीटर, राज्यात ह्याच्यावर काही नाही. तिथल्या लोखंडी शिड्यांना पंढरीच्या दर्शनबारीसारखी रांग होती. बापूंच्या त्या फोटोत सूर्य आहे, पण तो शोधावा लागतो, कारण पुढं चाळीसेक कानटोप्या आहेत.

आणि कोकणकडा. हरिश्चंद्रगडाचा. कर्नल साईक्स नावाच्या इंग्रजाला तिथं इंद्रवज्र दिसलं होतं, म्हणजे पूर्ण गोल इंद्रधनुष्य आणि मध्यभागी बघणाऱ्याची स्वतःची सावली. पाठीमागं सूर्य आणि पुढं दरीत धुक्याची भिंत असली की दिसतं. साहेबानं ते आपल्या निबंधात लिहिलं, निबंध १८३५ साली छापला. बापूंना ह्या साहेबाविषयी अपार माया आहे. ‘त्याच्याकडं कॅमेरा नव्हता हो. निबंध छापला तेव्हाही कॅमेरा जगात यायला अजून चार वर्षं होती.’ बापूंच्या मते ह्यात नियतीचा ठरवून केलेला घोळ आहे. दिसलं त्याच्याकडं कॅमेरा नाही, आणि कॅमेरा ज्याच्याकडं आहे तो बारामतीच्या ईटीपीवर.

बापूंची भाषा सवयीची व्हायला वेळ लागतो. ‘लाईट’ हा शब्द आमच्याकडं स्त्रीलिंगी आहे. लाईट येते, लाईट जाते, आठ तास असते, रात्रीची असते. बापूंचा लाईट पुल्लिंगी. तो कोवळा असतो, तो आडवा येतो, आणि मुख्य म्हणजे तो जातो. सूर्य हातभर वर आला की बापू कपाळाला हात लावून ओरडतात, ‘लाईट गेला!’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा स्टोअरच्या काकांनी टॉर्च लावला होता. घरी तर आणखी घोटाळा. बापू अंगणातून ‘लाईट गेला, लाईट गेला’ करत आत आले की वहिनी मोटरीचं बटण बंद करायला धावतात.

रात्री दोनला आम्ही निघतो तेव्हा रस्ता सामसूम असेल असं वाटत असेल तर ते चूक. शेतीची लाईट निम्मे दिवस रात्रीचीच असते. उसात बॅटऱ्या हलत असतात, बांधावर कुणीतरी फावडं घेऊन दारं मोडत असतं. आमची व्हॅन दिसली की हाक येते.

‘कोन हाय?’

‘मी बापू.’

‘मोटर जळली का काय?’

‘नाय, डोंगरावर चाललो.’

‘कुनी गेलं?’

ह्यावर काय सांगणार. सूर्य बघायला चाललोय म्हटलं तर समोरचा माणूस आठवड्यातून तीनदा पाणी धरून घरी जाताना सूर्य बघतो, तोही कंटाळलेला असतो. एकदा बापूंनी खरं सांगून टाकलं. तो गडी चिखलाचे पाय घेऊन व्हॅनच्या काचेजवळ आला, आत आम्हा चौघांकडं नीट बघितलं, आणि म्हणाला, ‘हितं उगवतो त्यो दुसरा हाय का?’

कॅमेऱ्यातलं आम्हाला आता बरंच कळतं. धबधब्याचा फोटो दोन तऱ्हांनी निघतो. झटकन काढला तर थेंबन् थेंब गोठून खडीसाखरेसारखा दिसतो. झडप दोन सेकंद उघडी ठेवली तर पाणी एकमेकांत मिसळून पांढरं, गुळगुळीत, साय धरल्यासारखं उतरतं. बापूंचा संप्रदाय दोन सेकंदांचा. त्यासाठी कॅमेरा हलता कामा नये, म्हणून तीन पायांची घोडी पाहिजे. उजेड फार नको, म्हणून पहाट पाहिजे. तरी उजेड जास्त झाला तर भिंगावर एनडी फिल्टर चढवायचा, म्हणजे कॅमेऱ्याचा गॉगल. ‘पाण्याचं दूध होतं बघा,’ असं बापू सांगतात आणि पहिल्यांदा हे कॅन्टीनमध्ये सांगितलं तेव्हा शेजारच्या टेबलावरचा एक जण ताट सोडून उठून आला. दुधात पाणी घालणारे त्यानं बघितले होते. हा उलटा प्रकार कुठं शिकवतात, असं त्याचं विचारणं होतं.

ह्या फौजेत कायम चौघे. बापू, मी, स्टोअरचे काका, आणि क्वालिटीचा एक पोरगा. काका घरी झोप लागत नाही म्हणून येतात आणि व्हॅनमध्ये बसताक्षणी झोपतात. क्वालिटीच्या पोराला अजून कुठलाच सूर्योदय पसंत पडलेला नाही. ‘कडा शार्प नाहीत’, ‘रंग बॅचला जुळत नाही’, असं म्हणत तो एकेक रिजेक्ट करत असतो. मी का जातो ते माझी बायकोही विचारते. मला नीट सांगता आलेलं नाही.

गेल्या जुलैतली गोष्ट सांगतो. वरंध घाट ठरला. बारामती, नीरा, लोणंद, शिरवळ, भोर, आणि पुढं नीरा देवघर धरणाच्या काठाकाठानं घाट. आम्ही नियमाप्रमाणे पेन्सिल चौकात जमलो. बापूंनी टूलबॉक्स टॉक घेतला. हेही कारखान्यातलंच, काम सुरू करण्याआधी धोके मोजून सांगायचे. पाण्यात उतरायचं नाही, कड्याच्या सहा फूट आत थांबायचं, शेवाळावर पाय द्यायचा नाही, पाठमोरं होऊन सेल्फी घ्यायचा नाही. इथं बापू विनोद चालू देत नाहीत. ३० जून २०२४ च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या ओढ्यात एकाच कुटुंबातले पाच जण बघता बघता वाहून गेले, ते त्यांनी मोबाइलवर बघितलं होतं. ‘वरच्या डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नसतो,’ हे वाक्य ते दरवेळी म्हणतात आणि दरवेळी आम्ही ऐकून घेतो. पायात कंपनीचेच सेफ्टी शूज. डोंगराचे बूट वेगळे असतात हे त्यांना मान्य नाही. ‘पुढं लोखंडाची टोपी हाय. दगड पडला तर दगडाला लागंल.’

भोर सोडलं आणि पाऊस लागला. लागला म्हणजे काय, आमच्या वर्षाचा कोटा तासाभरात झाला. हिर्डोशीच्या पुढं धुकं व्हॅनच्या आत येऊन बसलं. घाटाच्या तोंडाशी रस्त्यावर आडवा अडसर आणि बोर्ड, घाट वाहतुकीस बंद. हा घाट पावसाळ्यात कधी जड वाहनांना, कधी सगळ्यांनाच बंद असतो, आणि ते पेपरात छापून येतं. बापूंनी पेपर वाचला नव्हता, ते ढग वाचत होते. पण खचले नाहीत. तिथंच रस्त्याच्या कडेला घोडी रोवली, मी छत्री धरली, काकांनी दुसऱ्या बाजूनं पोतं धरलं. समोर पांढरं. वर पांढरं. डाव्या हाताला खूप मोठा आवाज येत होता, तो धबधबा. बापूंनी आवाजाच्या दिशेनं कॅमेरा लावला आणि दोन दोन सेकंदांनी फोटो काढत राहिले. चौऱ्याऐंशी फोटो. मी नंतर सगळे बघितले. चौऱ्याऐंशी कोऱ्या भिंती. क्वालिटीच्या पोरानं पहिल्यांदाच मान डोलावली, म्हणाला, ‘सातत्य चांगलं आहे.’

उजाडलं म्हणजे पांढरं जरा जास्त पांढरं झालं. बापूंनी वही काढली. सूर्य: नाही. धबधबा, इथं पेन थांबलं. शेवटी ‘आहे’ लिहून पुढं शेऱ्यात ‘नक्की’ लिहिलं. येताना टपरीवर चहा आणि भजी. टपरीवाल्यानं विचारलं, कुठनं आलात? बारामतीवरनं. एवढ्या लांब धुकं बघायला? काका म्हणाले, ‘आमच्याकडं नसतं.’

हे असं लांब जाणं म्हणजे काय ते मला पाटसला कळलं. मल्हारगडाला निघालो होतो, पहाटे चार-साडेचारला सोलापूर हायवेवर चहाला थांबलो. शेजारी पुण्याचे सहा जण. प्रत्येकाच्या गळ्यात तोफेएवढी लेन्स, डोक्याला हिरव्या टोप्या. बापूंचा चेहरा फुलला, बिरादरीतले भेटले.

‘कुठं?’ बापूंनी विचारलं.

‘भिगवण. कुंभारगावला. सूर्योदयाला फ्लेमिंगो. तुम्ही कुठून?’

‘बारामती.’

‘अरे, मग तुमच्या दारातच की! नशीबवान आहात. आणि आता कुठं निघालात?’

‘तुमच्याकडं,’ बापू म्हणाले. ‘सूर्योदयाला.’

दोन्ही बाजू थोडा वेळ गप्प झाल्या. मग त्यांनी आम्हाला उजनीच्या पाण्यावर सकाळी काय रंग उतरतात ते सांगितलं, आम्ही त्यांना सोनोरीच्या अंगानं गड चढायला किती सोपा आहे ते सांगितलं. गाड्या परस्परविरुद्ध दिशांना सुटल्या. मी व्हॅनमध्ये बापूंना विचारलं, रोहित पक्षी एवढे जवळ येतात तर एकदा तिकडं का जात नाही? पाऊण तासाचा रस्ता. बापूंनी बराच वेळ उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, ‘उभं पाणी हाय ते. उभं पाणी कामावर रोज बघतोच की.’

फोटोंचं पुढं काय होतं? भेट जातात. आमच्या खात्यात कुणाचंही लग्न, वास्तुशांत, जावळ असलं की बापूंची फ्रेम ठरलेली. माझ्या घरात तीन आहेत. पाहुणे विचारतात, इथं कुठं गेला होता? मी सांगतो, माहीत नाही, मी छत्रीखाली होतो. एका वर्षी जागतिक जलदिनाला, म्हणजे २२ मार्चला, कंपनीनं पोस्टर काढायचं ठरवलं आणि बापूंकडं फोटो मागितला. बापूंनी त्यांचा सगळ्यात दांडगा धबधबा दिला. पोस्टर गेटवर लागलं. वर कड्यावरून धो धो कोसळणारं पाणी आणि खाली ठळक अक्षरात ‘पाण्याचा प्रत्येक थेंब वाचवा’. आठवडाभर येणारा जाणारा विचारत होता, ह्याची तोटी कुणीतरी बंद करा की.

आता आक्का. बापूंच्या आई. सगळं रुई गाव त्यांना आक्काच म्हणतं. गोठ्यात दोन जर्सी, एक म्हैस. सासरी आल्यापासून चारला उठून धार काढायची, साडेपाचला दूध डेअरीला. त्यामुळं ‘पहाट’ ह्या वस्तूविषयी त्यांना कौतुक नाही. ‘पहाट बघायची कशाला? पहाटंची धार काढायची आसती,’ असं त्यांचं म्हणणं. मायलेक दोघंही अंधारात धारेसाठीच उठतात, हे मी एकदा बोलून गेलो. आक्का म्हणाल्या, ‘माज्या धारंचा धा दिसाला पगार व्हतो.’

बापूंनी एकदा त्यांना मोबाइलवर उलटा धबधबा दाखवला, नाणेघाटातला. कोकणातून चढून येणारा वारा कड्याला धडकतो आणि पडणारं पाणी उचलून परत वर फेकतो. बघायला नवल वाटतं. आक्कांना नवल वाटलं नाही, काळजी वाटली. ‘माघारी चाललंय की ते,’ त्या म्हणाल्या. ‘तितं पाटकरी न्हाई व्हय कुनी?’

आक्कांचं पाण्याचं ज्ञान सगळं नीरा डाव्या कालव्यावरचं. पाळी कधी सुटली, कुठल्या मोरीला आली, कुणी रात्रीत दार फोडलं, शेवटच्या माणसाला पोचलं की वरच्यानंच पिऊन टाकलं. कालवा इंग्रजांच्या वेळचा. भाटघरचं आताचं धरण १९२८ चं, त्यापुढं वीर, आणि वीरपासून कालवा जो निघतो तो पुरंदरच्या अंगानं बारामती ओलांडून इंदापूर तालुक्यात जातो. पाऊस नसलेल्या मुलखात ऊस उभा आहे तो त्याच्या जिवावर. आक्कांच्या लेखी पाणी पडत नसतं. पाणी सुटतं.

ह्या सप्टेंबरच्या शेवटच्या गुरुवारी बापूंनी काय सांगून त्यांना तयार केलं कळलं नाही. बहुतेक वाटेत एखादा देव आहे असं सांगितलं असणार. पावणेदोनला पेन्सिल चौकात व्हॅन आली तेव्हा पुढच्या सीटवर आक्का, मांडीवर भाकरीचं गाठोडं. पहाटेची धार वहिनींवर सोपवली होती आणि ते आक्कांना पटलेलं नव्हतं. लोणंदपर्यंत त्या म्हैस लाथ मारते त्याविषयी बोलत होत्या. बापूंनी टूलबॉक्स टॉक आवरता घेतला, कारण दुसऱ्याच नियमाला आक्कांनी विचारलं, ‘ह्ये कुनाला सांगतूस?’

वरंध घाटात वर गेलो नाही. देवघरच्या पाण्याच्या काठानं जाणाऱ्या रस्त्यावर एक जागा बापूंनी हेरून ठेवली होती. डोंगराच्या पूर्व अंगाला एक ओहोळ, तीसेक फुटांवरून सरळ रस्त्याच्या कडेच्या कातळावर पडतो. कुठल्या पुस्तकात त्याचं नाव नसेल. पाऊस चार दिवस थांबलेला, धार उतरून सडपातळ झालेली. घोडी रोवली. गॉगल चढवला. आम्ही सवयीनं छत्री उघडली आणि मिटली, कारण आभाळ मोकळं होतं. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. मग समोरच्या डोंगराआडून ऊन धरणाच्या पाण्यावरून आडवं आलं आणि बरोबर त्या धारेच्या माथ्यावर बसलं. क्वालिटीचा पोरगा काही बोलला नाही. काका जागे होते.

बापूंचा हात बटणावर. तेवढ्यात आक्कांनी विचारलं, ‘ह्ये पानी जातं कुटं?’

‘ह्या खालच्या धरणात,’ बापू डोळा न काढता म्हणाले. ‘तिथनं नीरेला. नीरेनं वीरला. वीरवनं आपल्या कॅनॉलला.’

‘आपल्या?’

‘आपल्याच.’

‘मग आपलंच की,’ आक्का म्हणाल्या, आणि पदर खोचून सरळ धारेकडं चालत्या झाल्या. सहा फुटांचा नियम, शेवाळाचा नियम, सगळं ओलांडून, आपल्या वावरात जावं तशा. बटण तेव्हाच दाबलं गेलं होतं. झडप उघडली. एक, दोन. आक्कांनी ओंजळ धरली, तोंड धुतलं, चूळ भरली, एक ओंजळ प्याल्या आणि हात झटकत परत आल्या. बापू ‘लाईट गेला’ म्हणून ओरडले नाहीत. ते कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या पडद्याकडं बघत उभे होते.

फोटोत वर सोनेरी ऊन होतं, खाली सायीसारखं उतरलेलं पाणी होतं, आणि पाण्याच्या पायथ्याशी एक हिरवा, हलका, लांबट पुसटसा फराटा होता. दोन सेकंद एका जागी उभं राहायची आक्कांना कधी सवय नव्हती. पोरगा वाकून बघू लागला, मी डोळ्यांनीच त्याला गप्प केलं. बापूंनी वही काढली. सूर्य: आहे. धबधबा: आहे. शेऱ्याचा रकाना मोकळाच ठेवला.

‘बगू,’ आक्का म्हणाल्या. बापूंनी कॅमेरा त्यांच्यापुढं धरला. आक्कांनी पदरानं चेहरा पुसला, पडदा लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला. स्वतःचा फराटा त्यांना ओळखू आला नाही. बोट त्या पांढऱ्या धारेवर ठेवलं.

‘ह्ये दूद हाय?’

‘पाणीच हाय, आई. दिसतं तसं.’

‘तेच म्हनलं,’ आक्का म्हणाल्या. ‘पातळ वाटतंय. फॅट लागायची न्हाई.’ आणि गाठोडं उचलून व्हॅनकडं निघाल्या. ‘चला बिगी बिगी. सांजची धार हाय.’